दोन वजनं

मार्केट यार्डातल्या कट्ट्यावर आदगोंडा मगदुमांनी
वही माझ्यापुढं उलटी करून धरली.
एकशे बारा पोती, राजापुरी हळद.
काट्यावर एक आकडा, पट्टीवर दुसरा,
मधला फरक एकशे बारा किलो.
"पोत्यामागं किलो," ते म्हणाले,
"ह्ये बारदान हाय, ताई.
तुमच्या कॉम्प्युटरात कुणीतरी ते धरतंय
आन् कुणीतरी धरत न्हाई."

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर येऊन
मी आमच्या लायब्ररीत शोधलं: वजन.
दोन सापडली.
एक काट्याच्या मोड्यूलमध्ये, एक पट्टीच्या.
नाव तेच, पत्ता तोच,
वरच्या टिपेत 'बारादन' ही चूकसुद्धा तीच.
पुढं कधीतरी पहिल्यात एक ओळ वाढली,
पोत्याचं वजन वजा करणारी.
दुसऱ्याला कुणी कळवलं नाही.
कळवणार कोण? ते आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रोग्राम बिचारा सुरू होतो
आणि वाटेत जे वजन आधी भेटेल
तेच खरं मानून चालू लागतो.
गणपती पेठेतल्या पेढीवर पहिलं भेटायचं,
यार्डात दुसरं,
मिरजेच्या दुकानात सोमवारी हे
आणि अपडेट झालं की मंगळवारी ते.
आठ महिने आम्ही त्याला नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हणत होतो.

मग इतिहास उघडला. नक्कल कुणाची, कधीची.
चौदा जानेवारी, रात्रीचे एक चाळीस.
नाव माझं.

मूळ वजन नसीम शिकलगारचं.
त्या आठवड्यात तिनं भर मीटिंगमध्ये
माझा कोड सगळ्यांसमोर सोलला होता,
आणि तिची खुर्ची माझ्या पाठीमागं, चार पावलांवर.
तुझा क्लास दोघींना पुरेल अशा जागी हलवू का,
एवढंच विचारायला चार पावलं.
नक्कल मारायला दोन बटणं.

आज गेले. ती डबा उघडत होती.
म्हटलं, "नसीम, तुझं वजन माझ्याकडे पण आहे."
तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"दिसतंय की."

जेवता जेवता नावावरून वाजलंच.
मी म्हणाले, 'सामायिक' ठेवू.
ती म्हणाली, नको, सामायिक म्हटलं की
जिन्याखालची जागा होते,
ज्याला जे नको ते तिथं आणून टाकतो.
'तोल' म्हण. तोलाचं असेल तेवढंच आत येईल.
काटा तोलाकडे बघेल, पट्टी तोलाकडे बघेल,
तोल मागं वळून कुणाकडंच बघणार नाही.

पुसायची वेळ आली तेव्हा हात अडला.
दोनशे चौदा ओळी, माझ्या नावावरच्या.
कुठून कुठून त्यांच्यावर काय टेकलंय, कोण सांगणार?
आदगोंडा सांगत होते, तरणेपणी हरिपुरात
हळदीच्या पेवांवर कामाला होते;
बंद पेव उघडलं की माणूस आधी उतरत नसे,
दोरीला कंदील बांधून सोडत,
तो तळाशी तेवत राहिला तर शिडी.
आम्ही टेस्ट सोडल्या.
सात विझल्या.
पाच दुरुस्त केल्या. उरलेल्या दोन
चुकीच्या वजनालाच बरोबर म्हणत होत्या,
त्याही मीच लिहिलेल्या.

संध्याकाळी पुसलं. स्क्रीनभर लाल.
नसीम काही बोलली नाही, फक्त खुर्ची वळवून बसली,
माझ्याकडे तोंड करून.

गुरुवारी यार्डात काटा आणि पट्टी जुळली.
आदगोंडांनी मान हलवली आणि वही काढली.
म्हटलं, मामा, आता कशाला?
एकाच जागी राहू द्या की आकडा,
दोन झाले की घोळ होतो, मी बघितलंय.

"माझी वही बघून लिवलीय का मी? न्हाई.
डोळ्यानं काटा बघून लिवलीय.
त्याला नक्कल म्हणत न्हाईत, ताई.
साक्ष म्हणत्यात."

पेन्सिल जिभेला लावली,
आणि पुढचं पोतं चढायची वाट बघत राहिले,
माझ्या स्क्रीनकडं मुद्दाम पाठ करून.